आग्रा, मथुरा आणि दोन किलो कडवे वाल

"मे महिन्यात आग्र्याला? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

हे वाक्य आम्ही कर्जतमध्ये इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी शेवटी मुलगा समोरच्याच्या आधीच ते म्हणून दाखवायला लागला. खरं आहे हो. माणसं उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. आमच्या तर डोक्यावरच माथेरान. पण नोकरी करणाऱ्या आणि शाळेत जाणाऱ्या माणसांना सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, आणि ज्या कारणासाठी जायचं होतं ते थंडीपर्यंत थांबायला तयार नव्हतं. कारणं खरं तर दोन होती. एक सगळ्यांना सांगण्यासारखं, आणि एक घरात कुणीच न बोलण्यासारखं.

सांगण्यासारखं आधी सांगते. मुलगा तेव्हा नुकताच चौथी पास झाला होता (२०२४ ची गोष्ट). आपल्याकडे चौथीला 'शिवछत्रपती' असतं हे तुम्हाला सांगायला नकोच. आपण सगळे त्यातूनच गेलोय. अफजलखान, शाहिस्तेखान, पन्हाळा... दर वर्षी चौथीतली मुलं जशी लाकडी तलवार घेऊन घरभर फिरतात तसा हाही फिरला. पण आग्र्याच्या धड्याशी येऊन अडकला. मला वाटलं पेटाऱ्यांचं काही असेल. आपल्याला लहानपणी पेटाऱ्यांचंच वेड होतं ना! पण हा अडकला होता वेगळ्याच ठिकाणी. संभाजीराजांना मथुरेला ठेवून महाराज पुढे गेले, तिथे.

"एकट्याला ठेवलं?"

"एकट्याला नाही रे, ओळखीच्या लोकांकडे ठेवलं. मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातले होते ते."

"पण बाबांशिवाय?"

"हो."

"केवढा होता तो?"

"नऊ वर्षांचा."

"म्हणजे माझ्याएवढा," असं म्हणून तो गप्प बसला. दोन दिवसांनी जाहीर केलं की आपण सुट्टीत आग्रा आणि मथुरा बघायला जायचं. मोठीनं (ती सातवीत होती, म्हणजे सगळं माहीत असलेली) ताजमहालासाठी लगेच अनुमोदन दिलं.

आता दुसरं कारण. हे वाचणाऱ्या नातेवाईकांना ते माहीतच आहे, आणि बाकीच्यांसाठी मी ताईला विचारूनच लिहितेय. ताई म्हणजे माझी नणंद. ती आग्र्याला असते. खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती, तिथेच आग्र्याचा एक मुलगा होता. २०१२ मध्ये दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि वर्षभरात आग्र्याला गेले. माणूस चांगला आहे, शिकलेला आहे, सगळं आहे. पण 'आपल्यातला' नाही. माझ्या सासऱ्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "या घराचा उंबरठा तिला नाही," आणि विषय बंद केला. २०१८ मध्ये बाबा गेले. ताई आली, मैत्रिणीकडे उतरली, तेराव्यापर्यंत राहिली आणि गेली. आई आणि ती त्या दिवसांत एका खोलीत बसल्या असतील, पण बोलल्या नाहीत. नवऱ्याचे बहिणीला फोन व्हायचे, माझेही व्हायचे, राखी यायची, भाच्याचे फोटो यायचे. आई फोटो बघायच्या. चष्मा लावून बघायच्या. पण "फोन देऊ का?" म्हटलं की त्यांना नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं.

मला वाटतं आईंचा राग केव्हाच संपला होता. उरला होता तो बाबांचा शब्द. गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, हा एवढाच प्रश्न. आणि मी पडले सून. त्या शब्दाच्या मध्ये मला जागा नव्हती.

तर, "आई, आग्र्याला येता का?" असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ गहू निवडले आणि म्हणाल्या, "मथुरा-वृंदावन होणार असेल तर येते. पण हॉटेलात राहायचं. कुणाच्या घरी नाही."

कुणाच्या!

निघायच्या आदल्या रात्री त्यांची पिशवी उचलली तर ही जड. आत काय म्हणून बघितलं तर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले कडवे वाल. दोन किलो तरी असतील. आता हॉटेलात राहणारी बाई दोन किलो वाल कशाला नेते, हे मी विचारलं नाही. नवऱ्यानंही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पिशवीची चेन लावली.

(रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या ओल्या शेंगांची पोपटी होते, आणि वाळलेल्या दाण्यांचं वर्षभर बिरडं. भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. वेळखाऊ काम. पण बिरड्याला दुसरा पर्याय नाही. ताईचा जीव त्यात होता हे मला लग्न होऊन आल्या आल्या कळलं होतं.)

*

कल्याणहून पंजाब मेल धरली. ही गाडी १९१२ सालापासून धावतेय, हे ऐकून मुलाला तिच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. कसाऱ्याला गाडी थांबली आणि मागून धक्का बसला तेव्हा डब्यातले बरेच जण दचकले. आमची दोन्ही मुलं मात्र जाणत्यासारखी हसली. "बँकर लागला!" कर्जतची मुलं ती. बोरघाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं लावतात ते जन्मापासून बघतायत. थळघाटातही तसंच असतं म्हटल्यावर त्यांना गावचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र डबा तापायला लागला. खिडकीबाहेर पिवळी जमीन, मग आणखी पिवळी जमीन. मुलगा कागदावर हिशेब करत बसला होता. महाराज ५ मार्च १६६६ ला राजगडावरून निघाले आणि ११ मेला आग्र्याच्या वेशीवर पोहोचले. दोन महिन्यांच्यावर प्रवास. आम्ही कल्याणहून निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचणार, आणि ते सुद्धा त्याला लांब वाटत होतं. "आई, बाळराजांना कंटाळा आला नसेल?" मी म्हटलं घोडे होते, हत्ती होते, रोज नवा मुक्काम होता. तरी त्याचं समाधान झालं नाही. "पण त्याच्याबरोबर खेळायला कोण होतं?" याला काय सांगणार!

ग्वाल्हेर सोडल्यावर धौलपूरजवळ चंबळ ओलांडली. मातीच्या त्या घळी बघून आईसुद्धा खिडकीशी आल्या. नंतर त्यांनी सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा घातला. लू लागू नये म्हणून. आग्र्याचे तिन्ही दिवस आम्ही खिशात कांदा घेऊन फिरलो. हसू नका, एकालाही ऊन लागलं नाही.

ताजमहाल पहाटे बघितला. मे महिन्यात जाणार असाल तर एवढं ऐका, सूर्योदयाच्या आत दारात हजर राहा, आणि शुक्रवारी जाऊ नका, तेव्हा तो बंद असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ताजबद्दल मी काही लिहित नाही. आजवर सगळ्यांनी लिहिलंय आणि तो त्या सगळ्याहून सुंदर आहे. मोठी अर्धा तास एका जागी बसून होती, हे एवढं पुरे. मुलानं मात्र तो पाच मिनिटांत 'पाहिला' आणि किल्ला कधी म्हणून भुणभुण सुरू केली. तिथून किल्ल्यापर्यंत आम्ही मेट्रोनं गेलो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुरू झालेली, अगदी कोरी मेट्रो. एका स्टेशनाचं अंतर. पण थंडगार! आईंचा उतरायला पाय निघेना.

आग्र्याचा किल्ला तांबड्या दगडाचा, अकबरानं १५६५ ते १५७३ च्या दरम्यान बांधलेला. मोठा भाग लष्कराकडे आहे, आपल्याला अमरसिंह दरवाजानं आत जाता येतं. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे फोटो काढणारी निम्मी माणसं मराठी बोलत होती. नाशिकचे, साताऱ्याचे, एक कुटुंब तर आमच्या शेजारचं, नेरळचं निघालं. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात हा किल्ला मराठ्यांकडे होता, १८०३ साली लॉर्ड लेकनं तो घेतला, हे मी सांगितल्यावर मुलगा पुतळ्यापेक्षा किल्ल्याकडे जरा मालकीच्या नजरेनं बघायला लागला. :)

आत गेल्यावर आम्ही आधी मुसम्मन बुरुजापाशी गेलो. संगमरवरी अष्टकोनी सज्जा, खाली यमुनेचं पात्र, आणि लांबवर ताज. शाहजहान शेवटी इथेच होता, हे सांगितलं. १६५८ मध्ये औरंगजेबानं त्याला या किल्ल्यात कैदेत ठेवलं. १६६६ च्या जानेवारीत तो गेला. आठ वर्षं.

"स्वतःच्या बाबांना?" मुलानं विचारलं.

"हो."

"आणि मग चार महिन्यांनी महाराज इथे आले?"

ही जोडणी माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. बाप जिवंत होता तोवर औरंगजेब दिल्लीत राहिला. बाप गेल्यावर तो आग्र्याला आला, इथे दरबार भरवला, आणि त्याच दरबारात आपल्या मुलाचा हात धरून दुसरा एक बाप उभा राहिला.

आई भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. आम्हाला वाटलं त्यांचं लक्ष नाही. त्यांनी विचारलं, "त्याच्यापाशी कोणीच नव्हतं का गं, म्हाताऱ्यापाशी?"

"मुलगी होती. जहाँआरा. ती स्वतःहून राहिली त्याच्याजवळ. शेवटपर्यंत."

"आठ वर्षं?"

"हो."

"मुलगी ती," आई म्हणाल्या, आणि पदरानं वारा घेत राहिल्या.

*

दिवाण-ए-खासच्या पुढच्या मोकळ्या जागेत दुपारी उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. तरी उभे राहिलो. १२ मे १६६६ ला चांद्र पंचांगाप्रमाणे औरंगजेबाचा पन्नासावा वाढदिवस साजरा होत होता. महाराजांना पाच हजारी सरदारांच्या रांगेत उभं केलं, ते संतापले, बादशहाकडे पाठ फिरवून बाजूला झाले. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. जयपूरकरांच्या चाकरीतल्या परकालदासानं त्या दिवसांत आग्र्याहून पत्रं लिहिली होती. त्या पत्रांत महाराजांबरोबरच्या त्या नऊ वर्षांच्या देखण्या पोराचीही नोंद आहे. मोठीनं मोबाइलवर संभाजीराजांची जन्मतारीख काढली. १४ मे १६५७.

"म्हणजे दरबार झाला आणि दोन दिवसांनी त्याचा वाढदिवस होता," ती म्हणाली. "नववा पूर्ण."

बादशहाच्या वाढदिवसाचा थाट सगळ्या इतिहासात आहे. या दुसऱ्या वाढदिवसाचा विचार बहुधा फक्त मुलंच करतील. घरापासून शेकडो मैल, मेच्या उन्हात, आणि बाबा काळजीत. पुढे पहारे बसले. महाराजांनी बरोबरच्या लोकांना परत पाठवायची परवानगी मागितली आणि एकेक करून माणसं घरी धाडली. शंभूराजे मात्र रामसिंगाबरोबर दरबारात जात येत राहिले. आणि मग १७ ऑगस्ट.

"आणि महाराज पळाले तेव्हा बादशहा कोणावर चिडला?"

इथे मला माझं माहेर सांगावं लागलं. माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, चौकजवळचं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, इरसाळगडाच्या पायथ्याकडचं चौक. ते नेताजी पालकरांचं जन्मगाव मानतात. लहानपणी आम्हाला त्याचा केवढा अभिमान! प्रतिशिवाजी म्हणायचे त्यांना. शाळेत कुणीही नाटक बसवलं की आमच्याकडचा एक तरी पोरगा नेताजी व्हायचाच. पण नेताजींची पुढची दहा वर्षं मला कुणी नाटकात दाखवली नाहीत. ती मी मोठेपणी वाचली.

१६६६ च्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या स्वारीत नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना सरनौबतीवरून काढलं. ते आधी विजापूरकरांकडे गेले, मग मिर्झाराजे जयसिंगानं त्यांना मोगलांकडे ओढलं. महाराज आग्र्याला होते तेव्हा नेताजी दक्षिणेत मोगलांच्या छावणीत होते. महाराज निसटल्यावर बादशहाचा हुकूम सुटला, त्या नेताजीला पकडा. ऑक्टोबरात पकडलं आणि दिल्लीला नेलं. तिथे त्यांनी धर्म बदलला. बदलायला लावला म्हणा. नाव झालं महंमद कुलीखान. मग काबूलकडे रवानगी. वाटेत पळायचा प्रयत्न केला, तो फसला. वर्षांमागून वर्षं अफगाणांच्या मुलखात गेली.

"म्हणजे निसटले महाराज, आणि अडकले तुमच्या गावचे?" मुलगा म्हणाला. (तो अशा वेळी 'तुमच्या गावचे' म्हणतो.)

"हो. असंच झालं."

"मग?"

"मग पुढे त्यांना दक्षिणेत मोगलांच्या फौजेबरोबर पाठवलं, आणि १६७६ मध्ये ते महाराजांकडे परत आले. महाराजांनी त्यांना परत आपल्यात घेतलं. विधी करून, सगळ्यांच्या देखत."

"दहा वर्षांनी?"

"दहा वर्षांनी."

"आणि आधी महाराजांनीच त्यांना काढलं होतं ना?"

"हो."

याच्यावर तो काही बोलला नाही. मोठी म्हणाली, आपल्याला इथून चला, पाय भाजतायत. आम्ही सावलीत गेलो, पाणी प्यायलो, खाली येऊन पेठा घेतला. पेठ्याच्या दुकानात मोठी म्हणाली की महाराज पेटाऱ्यातून नाही, पेठ्याच्या खोक्यातून गेले असणार. इतक्या खोक्यांत एक माणूस सहज हरवेल. एवढं हसलो त्या दिवशी तेवढंच.

संध्याकाळी हॉटेलवर आई पिशवी उघडून बसल्या होत्या. फडक्याची गाठ सोडून वाल बोटांनी खालीवर करत होत्या. आम्ही आत गेलो तशा म्हणाल्या, "या उन्हात वालांना भुंगा लागायचा. खोलीत ठेवून काय करायचंय? तिला देऊन येऊ."

नवऱ्यानं फोन लावला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. मी मुलांना घेऊन गॅलरीत गेले.

*

ताईचं घर एका जुन्या वसाहतीत आहे. दारापुढे कूलर आणि कडुनिंबाचं झाड. दार उघडलं ते भाच्यानं, दहा वर्षांचा, आमच्या मुलापेक्षा बोटभर उंच. त्यानं ओळीनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि आईंपाशी येऊन थांबला. "नानी?"

आमच्या मुलांच्या त्या आजी. आयुष्यात त्यांना या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा ताई रडेल, किंवा मीच. पण आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्यामागे उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पातेलं कुठंय? वाल भिजत घालायचेत. रात्र होईल मग."

ताई म्हणाली, "आई, आधी बस तरी."

"बसते. पातेलं दे."

ते वाल रात्रभर भिजले. आग्र्याच्या उन्हाळ्यात मोड यायला काय वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात बांधले, तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर लांब लांब मोड. हॉटेल आम्ही मधेच सोडलं होतं. "उगाच दोन ठिकाणी पैसे कशाला," असं आईच म्हणाल्या. त्या सकाळी कूलरपुढे चटई टाकून आई आणि ताई वाल सोलायला बसल्या. कोमट पाण्याचं पातेलं मध्ये. ताईच्या सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. "ये कौन सी दाल है?" त्यांनी विचारलं. आईंचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. "वाल है. हमारे शेत का है." मग त्याही खाली येऊन बसल्या आणि तिघी सोलत राहिल्या.

काय बोलल्या त्या? मी आतबाहेर करताना ऐकलं ते असं: खोबरं कोणतं मिळतं. भात कुठला घेतेस. तुला पाठीचं दुखणं होतं ते आता कसं आहे. बाबांची गोळ्यांची डबी मी अजून ठेवलीय. बारा वर्षांचा हिशेब कुणीच मांडला नाही. सालं एका ताटलीत आणि दाणे दुसऱ्या ताटलीत पडत राहिले. एकदाच ताईचा आवाज चढला. मी किल्ल्यातली गोष्ट सांगत होते, नेताजींची, तर ती म्हणाली, "वहिनी, उदाहरण देताना जरा बघ. मी काही मोगलांना जाऊन मिळाले नव्हते. लग्न केलं होतं!"

बरोबर होतं तिचं. नेताजींकडून चूक झाली की नाही, यावर इतिहासकार बोलत बसतील. ताईकडून काहीच चूक झालेली नव्हती, आणि तरी बारा वर्षं. आई खाली मान घालून सोलत होत्या. मग म्हणाल्या, "नव्हतीस गेली कुठं. आम्हीच दार लावून घेतलं." एवढंच. हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

बिरडं झालं. ताईच्या यजमानांनी दोनदा घेतलं. भाच्याला कडू लागलं, त्यानं गूळ मागून घेतला. शिकेल.

*

त्यानंतर आम्ही सगळे मिळून मथुरेला गेलो. आग्र्याहून जेमतेम तासा-दीड तासाचा रस्ता. वृंदावन झालं, आईंचं दर्शन झालं, आणि संध्याकाळी विश्राम घाटावर आरतीला बसलो. यमुनेत कासवं वर येऊन माना काढत होती, पोरं त्यांना चणे टाकत होती. मुलगा घाटावरची जुनी घरं बघत होता. त्यानं त्यातलं एक निवडलं, निळ्या खिडकीचं, आणि ठरवून टाकलं की बाळराजे इथे राहिले.

मग त्याला मी ती गोष्ट सांगितली. शंभूराजांना घेऊन ती मंडळी दक्षिणेकडे निघाली तेव्हा वाटेत मोगल अधिकाऱ्याला संशय आला, हा मुलगा तुमचा नाही म्हणून. तेव्हा बरोबरच्या ब्राह्मणानं त्याला शेजारी बसवलं आणि एका ताटात त्याच्याबरोबर जेवून दाखवलं, असं सांगतात. त्या काळात दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर एका ताटात जेवणं म्हणजे काय, ते मुलांना समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. आणि समजल्यावर त्यांना ते खरं वाटेना. हे चांगलंच आहे म्हणा.

"आणि नेताजी परत आले तेव्हा?" त्याच्या डोक्यात अजून तेच होतं. "दहा वर्षांनी एकदम घरी आले, नाव पण वेगळं. घरच्यांनी आधी काय केलं असेल?"

मी विचार करत होते, काय सांगावं. आई आरतीकडे बघत होत्या. भाचा त्यांच्या मांडीला टेकून पेंगत होता.

"जेवायला वाढलं असेल," त्या म्हणाल्या. "आधी जेवायला. बाकीचं मागाहून."

आग्र्याहून सुटकेची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती हुशारीची म्हणून, आणि ती आहेच. पण महाराजांचं मोठेपण मला त्यानंतरच्या दहाव्या वर्षात जास्त दिसतं. स्वतः दूर केलेला माणूस, नाव बदललेला, शत्रूच्या फौजेत राहिलेला, दारात येऊन उभा राहतो आणि आपण त्याला आत घेतो. त्याला पेटारे लागत नाहीत. आपलाच एक जुना शब्द गिळावा लागतो. आणि तो आपला नसून गेलेल्या माणसाचा असेल तर आणखी जड जातं. सत्तरीच्या बाईनं ते केलं, दोन किलो वालांच्या आडोशानं, ते मुलांनी बघितलं. सहलीत मुलांना काय दाखवायचं याची यादी आम्ही केली होती, त्यात हे नव्हतं.

असो. लेख फारच लांबला. शेवटचं सांगून थांबते. २०२४ च्या गणपतीत ताई भाच्याला घेऊन कर्जतला आली. बारा वर्षांनी उंबरठा ओलांडला. आईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, ताईनं बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. भाच्यानं उल्हास नदीचं तांबडं पाणी बघितलं, बँकर बघितला, आणि एका रविवारी मुलगा त्याला हौसेनं चौकला घेऊन गेला, नेताजींचं गाव दाखवायला. येताना दोघंही नखशिखान्त भिजून आले.

आई आता रविवारी सकाळी स्वतःच फोन लावतात. त्यात निम्मा वेळ बिरड्याचा असतो. ताईच्या सासूबाईंनाही ते आवडायला लागलंय, त्यामुळे दोन किलोत आता भागत नाही.